गार इंजिन

पहिल्या दिवशी दस्तगीर मिस्त्रीने गाडीकडे नीट पाहिलंच नाही.
सरळ बॉनेटवर तळहात ठेवला,
ताप आलेल्या पोराच्या कपाळावर ठेवतात तसा,
आणि माझ्या कानाशी म्हणाला,
"गरम करून ठेवलंय की रे हे.
उद्या येऊया. न सांगता."

हिंदवाडीतली गल्ली. निळी गाडी, टर्बो,
मागे दोन सायलेन्सर, सीटांना लाल शिलाई.
मी उद्यमबागेत एकोणीस वर्षं क्रँकशाफ्ट घासले,
दोन मायक्रॉनसाठी शिव्या खाल्ल्या,
सगळं दुसऱ्यांच्या वेगासाठी.
एकदा चोर्ल्याच्या घाटात
त्या वेगावर आपला पाय असावा,
एवढंच.
सुमतीला मात्र सांगितलं, डिकी मोठी आहे,
आईची व्हीलचेअर आरामात मावेल.

रात्री झोप नाही.
क्लच प्लेट पुण्याहून येणार, आठ दिवस.
टर्बो गेला तर चार पगार.
एक टायर फुटला तर दोन घ्यायचे,
ह्या गाडीला विजोड चालत नाही.
त्यात नंबर एमएच नऊ,
म्हणजे कोल्हापूरची एनओसी, इकडे टॅक्स पुन्हा.
माणसं इथली दोन्ही बाजूंना नांदतात,
लोखंडाला मात्र
निपाणी ओलांडली की परत बारसं.

पहाटे साडेपाच. काचेवर दव.
मिस्त्रीने आधी ऑइलचं झाकण उघडून आत बोट फिरवलं,
वास घेतला, बोट पँटीला पुसलं.
लांब स्क्रूड्रायव्हरची मूठ कानाला लावली,
टोक इंजिनावर.
"मार."
चेन क्षणभर खुळखुळली,
खिशातल्या चिल्लरीसारखी,
मग तेल वर पोचलं आणि गप्प.
"ऐकलंस?"
"ऐकलं."
धूर निळा नव्हता. थंडीचा पांढरा, तेवढाच.
मीटरवर अठ्ठावन्न हजार चारशे.
क्लचच्या पेडलचं रबर कोरं करकरीत.
मिस्त्री त्या रबराकडे बराच वेळ बघत राहिला.

तेवढ्यात आतून म्हातारा आला,
माकडटोपी, हातात वही.
विरूपाक्षय्या, बस डेपोतून रिटायर,
पोराच्या गाडीचं तेलपाणी त्यांनीच सांभाळलेलं.
"बघा, सगळं लिहून ठेवलंय,"
असं कन्नडमध्ये म्हणाले,
आणि आपलं गुणपत्रक द्यावं तशी वही दिली.

कन्नड मला बोलता येतं, वाचता येत नाही.
आकडे तेवढे येतात,
बसच्या पाट्यांनी शिकवलेले.
एकाखाली एक, निळ्या शाईत, पट्टीने आखलेले:
एअर फिल्टर असावा, प्लग असावेत, तेल, तेल, पुन्हा तेल.
शेवटची नोंद मागच्या दसऱ्याची.
नव्वद हजार दोनशे.

पुन्हा वाचला. बोट ठेवून वाचला.
मिस्त्रीकडे वही सरकवली,
तो चष्मा पुसत बसला.
पोरगा दारात उभा,
तोंडात दात घासायचा ब्रश,
हलायचा थांबलेला.

"हेंगैती गाडी?" म्हाताऱ्याने विचारलं.
मी म्हणालो, "अज्जा, वही फार चांगली ठेवलीय तुम्ही."
ते लाजले. चहा घेऊनच जा म्हणाले.
आम्ही घेतला. साखर जास्त होती.

परतताना तिसऱ्या गेटापाशी
मिस्त्रीने स्कूटर बाजूला घेतली.
"इंजिन शुद्ध हाय बघ. लाखभर अजून ओढंल.
खोटं नुसतं मीटर बोलतंय."
"मग घेऊ?"
त्याने उत्तर दिलं नाही.
किक मारली. दुसऱ्या किकेला सुरू झाली,
तीस वर्षांची, रंग उडालेली,
तिचं मीटर कधीचंच बंद.

सुमतीने दार उघडलं.
"काय झालं? कशी होती?"
"डिकी लहान आहे," मी म्हणालो.